तळमजला

कॅज्युअल्टीच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावलेला एक तक्ता.
लॅमिनेशनचा एक कोपरा सुटलाय,
येणारा-जाणारा प्रत्येक वॉर्डबॉय तो दाबून बसवतो.
युरिया. हिमोग्लोबिन. वरचं बीपी. नाडी.
शौच काळी होते का. शुद्ध हरपली होती का.
लिव्हर. हृदय.
प्रत्येकाला गुण. बेरीज तेवीसपर्यंत चढते.
रक्ताची उलटी घेऊन आलेल्यांची ही परीक्षा,
आणि हिच्यात शून्य मिळालेला पास.

त्या रात्री पहिलं शून्य अल्तमशला.
वय एकोणीस. बहिणीच्या मंगनीत पैजेवर
फिरनीच्या चौदा वाट्या संपवल्या, मग ओकत राहिला,
शेवटच्या उलटीत लाल रेघ.
बाप नागपाड्यात काच कापतो, अंगठ्याला पट्टी.
म्हणाला, "शून्य? दहावीला गणितात हेच आणलं होतं यानं.
तेव्हा मी घराबाहेर काढला. आज तुम्ही म्हणता, घरी न्या?"
मी म्हटलं, न्या.
पुन्हा रक्त आलं, काळं झालं, घेरी आली, तर लगेच परत.
रजिस्टरात त्याचा फोन नंबर लिहिला. सातचा आकडा मी एकसारखा गिरवते.

मग लोटणकर. दत्ताराम. अठ्ठावन्न.
फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन,
एकतीस वर्षं स्टुलावर, तरीही गुडघे गेलेले.
केमिस्टकडून सुटी गोळी, सकाळी एक, रात्री एक,
चहाबरोबर.
"कपभर आलं असेल रक्त. कॉफीच्या गाळासारखं.
आता बरंय. सकाळची ड्युटी आहे, मॅडम."
बीपी एकशे चौदा. शून्य.
नाडी अठ्ठ्याहत्तर. शून्य.
हिमोग्लोबिन साडेतेरा, युरिया बेताचा. शून्य, शून्य.
काळी शौच? "छे."
कधी शुद्ध हरपली? "छे छे."
मी त्यांना गमतीत सांगितलं, तुमची लिफ्ट तळमजल्यावर आहे.
ते हसले. खिशातला बिल्ला चाचपला.

घरी जायचा कागद घेऊन बाहेर आले
तर बाकावर बाई. मांडीवर रिकामा डबा.
"यांनी सांगितलं का तुम्हाला,
पहाटे मोरीत आडवे झाले होते ते?
हाका मारल्या, ओ नाही.
मोरी मीच धुतली. नुसतं डांबर."
आवाज अजिबात चढवला नाही तिने.
जणू दुधाचा हिशेब देत होती.

दोन. अधिक एक.
मी आत गेले आणि कागद फाडला.
रक्त जातं तेव्हा आधी सगळंच जातं, पातळही, दाटही,
म्हणून उरलेलं हिमोग्लोबिन काही तास खोटं बोलतं.
आणि नाडी? बीपीची गोळी
नाडीचा हात धरून तिला खाली बसवून ठेवते.
हे मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं.
"तिसरा मजला," मी म्हटलं. लोटणकर या वेळी हसले नाहीत.
बायकोकडे असं बघितलं
जसं कुणी मधल्याच मजल्यावर बटण दाबल्यावर बघत असतील.

पहाटे चार दहाला
चादर, उशी, माझे बूट.
नाडीनेही मग गोळीचं ऐकलं नाही.
दोन्ही हातांना सलाईन, रक्तपेढीत धावलेला पोरगा,
दुर्बीण घेऊन झोपेतून आलेले डॉक्टर वाडेकर,
एक पैसा मावेल एवढा अल्सर, त्यात उघडी नस,
तिच्यावर बसवलेली क्लिप.
ती बाई तेव्हाही बाकावर. डबा तेव्हाही मांडीवर.
"थांबलं," मी सांगितलं.
"ड्युटीवर कळवायला हवं," ती म्हणाली.

सहा वाजता बूट धुता धुता
अल्तमशचं शून्य आठवलं.
त्याच्या वेळी मी बाहेर कुणाला विचारलं नव्हतं.
बाकावर एक म्हातारी होती बहुतेक. किंवा नव्हती.

फोन बापाने उचलला.
"झोपलाय. का? काय झालं?"
काही नाही. एकदा हाक मारून बघा.
"आत्ता?"
आत्ता.
चपला फरफटत गेल्या. कडी वाजली.
एक हाक. दुसरी.
मी नळ बंद केला.
तिसऱ्या हाकेला पलीकडून एक शिवी आली,
पूर्ण, झोपमोडीची, धडधाकट.